पटाशी चालवत होता

थंडी सरत आली होती आणि दुपारचे ऊन खिडकीच्या कट्ट्यावर रेंगाळू लागले होते, अशा एका मंगळवारी, मधल्या सुट्टीनंतर, न्यायालयाच्या मागच्या इमारतीतील भाषांतर शाखेच्या खोलीत एका माणसाच्या हातून हत्यार उगारले गेले. त्या वेळी त्या खोलीत हत्यार नव्हते. तो माणूसही नव्हता. आणि ज्यांनी ते उगारले त्यांच्या हातात लाल शाईच्या पेनाखेरीज काहीही नव्हते.

त्यांना सारी कचेरी पर्यायराव म्हणे. आईवडिलांनी हौसेने ठेवलेले नाव हजेरीपटावर सुखाने नांदत होते. माणसांच्या तोंडी मात्र हेच. समोरच्याने साधा शब्द उच्चारला की त्याहून नेमका, त्याहून डौलदार असा दुसरा शब्द सुचवल्याशिवाय यांना चैन पडत नसे. कचेरीतला चहावाला म्हणायचा, "त्यांच्या टेबलावर कप ठेवताना मी तोंडच उघडत नाही. 'घ्या' म्हटलं तरी दुरुस्ती निघते." जुन्या, घोटीव गद्यावर पर्यायरावांची निष्ठा होती, आणि जिच्यासाठी वाद घालता येत नाही ती निष्ठाच नव्हे, असे त्यांचे मत होते. वाक्याला पाया असावा, दोन्ही बाजूंना तोल असावा. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी उदारपणे मान्य करावे आणि मग 'परंतु' म्हणून त्याला चीत करावे, ही त्यांची रीत. शिवाय एक नियम त्यांनी स्वतःवर आपण होऊन लादून घेतला होता. एका परिच्छेदात एक शब्द पुन्हा येता कामा नये. तसे होणे म्हणजे एकाच पाहुण्याने एकाच संध्याकाळी दोनदा निरोप घेण्यासारखे आहे, असे ते म्हणत, आणि पहिला निरोप खरा होता की दुसरा, असा प्रश्न यजमानाला पडतो, असे पुढे जोडत.

काम त्यांचे असे. खालच्या न्यायालयात साक्षीदार आपापल्या बोलीत बोलत आणि त्यांची जबानी तशीच उतरवली जाई. खटला वरच्या न्यायालयात गेला की तेथे सारे इंग्रजीत. वर बसणाऱ्यांनी साक्षीदाराला पाहिलेले नसे, ऐकलेले नसे. त्यांच्यापुढे येई तो पर्यायरावांनी केलेला साक्षीदार.

त्या मंगळवारी टेबलावर एका सुताराची फाइल होती. सुताराचे दुकान एका जुन्या इमारतीच्या माडीवर. मालकाला जागा रिकामी हवी होती; त्याचा कारभारी कुलूप घेऊन वर गेला, झटापट झाली, दोघे पायऱ्यांवरून गडगडले, आणि खाली पोहोचेपर्यंत सुताराच्या हातातली लाकूड तासायची पटाशी कारभाऱ्याच्या बरगडीत गेली होती. कारभारी वाचला नाही. खालच्या न्यायाधीशाने साक्षी आपल्या कानांनी ऐकल्या आणि हा अपघात आहे असे म्हणून सुताराला सोडले. सरकारने त्यावर वर दाद मागितली. आता प्रश्न एवढाच उरला होता की कारभारी दारात आला तेव्हा सुताराच्या हातातली पटाशी लाकडासाठी होती की माणसासाठी. आणि ते पाहणारी एकच व्यक्ती होती: सुताराला लहानाचे मोठे करणारी त्याची आत्या. तिची जबानी अशी:

'मी वर गेले तेव्हा तो कामात होता. दाराच्या चौकटीचं काम होतं. कारभारी दारात आला, कुलूप दाखवून बोलायला लागला, तेव्हा तो पटाशी चालवत होता. मग कारभाऱ्यानं त्याची गचांडी धरली आणि दोघं खाली गेले.'

शाखेत टंकलेखनाला एक बाई होत्या. पहिला कच्चा मसुदा त्याच करून ठेवीत, आणि तो नेहमी बाजारच्या पिशवीसारखा असे: जे घेतले ते आत घातले. त्यांनी पहिल्या तीन वाक्यांना सरळ तीनदा 'वर्क' लावले होते. तो कामावर होता, काम चौकटीचे होते, पटाशीने काम करत होता. पर्यायरावांनी कपाळाला हात लावला. पहिला 'वर्क' त्यांनी राहू दिला. दुसऱ्याच्या जागी चौकट 'घडवली जात होती' असे केले. तिसऱ्यापाशी पेन थबकले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रकाश आला, जो पाहिला की टंकलेखिका बाई नवा कागद यंत्रात घालू लागत.

"वील्ड," ते म्हणाले. "वॉज वील्डिंग अ चिझल."

आणि मग रीतीप्रमाणे त्याचे समर्थन आले. आपण तलवार परजतो, काठी उगारतो, करवत चालवतो, सत्ता गाजवतो. हात एक आणि क्रियापदे चार. इंग्रजीने शस्त्र, अवजार आणि सत्ता ही तिन्ही एका मुठीत आवळली आहेत. कोश काढून त्यांनी बाईंना दाखवलेही: अवजार कौशल्याने चालवणे. मुळात 'चालवत' आहे, येथे 'चालवणे' आहे. याहून काटेकोर काय असू शकते?

बाईंनी कोशात पाहिले, मग स्वतःच्या कागदाकडे पाहिले. "पण आधीचं काय वाईट होतं? काम करत होता तो. मी आपलं काम करत होता असं लिहिलं."

"एकच काम तीनदा केलं की त्याला काम म्हणत नाहीत, बाई. खोळंबा म्हणतात."

"मला काय, बोटं आपटायची," असे म्हणून बाईंनी बोटे आपटली.

संध्याकाळी पर्यायराव बाहेर पडले तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर एक वृद्ध बाई बसली होती, आणि शेजारी चाळिशीचा एक माणूस बाकाचा हात हलवून पाहत होता. तो हात कित्येक वर्षे खिळखिळा होता. त्यावर कोणी कोपर टेकला की तो बाजूला कलंडे, आणि ही कचेरीतली जुनी गंमत होती. त्या माणसाने खिशातून लाकडाची कपची काढली, खाचेत बसवली आणि तळहाताच्या मुळाने दोनदा ठोकली. हात घट्ट झाला. तोच तो सुतार, हे पर्यायरावांना चौकशीला आलेल्या बाईच्या बोलण्यावरून कळले. ती आत्या. आपले कागद वर गेले का, एवढे विचारायला आली होती.

"साहेब, माझं बोलणं नीट लिहिलंत ना? मला धड बोलता येत नाही."

"काळजी करू नका, आत्या," पर्यायराव म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. "तुम्ही बोललात त्याहून चांगलं लिहिलंय."

आत्याने हात जोडले. सुताराने मान लववली. बोलणे हे आपले अवजार नव्हे, हे त्याला ठाऊक असावे.

पुढे फाइल वर गेली आणि काही आठवड्यांत मनातूनही गेली. मग एके सकाळी हेडक्लार्क पर्यायरावांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हा माणूस बातमी आणताना नेहमी आधी खुर्ची ओढून बसे; त्या दिवशी तो उभाच राहिला, पण पर्यायरावांच्या ते ध्यानात आले नाही.

"वर तुमची कीर्ती गाजतेय म्हणे, पर्यायराव. सुताराच्या खटल्यात सरकारी वकिलानं तुमचं वाक्य भर कोर्टात वाचलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्या शब्दावर येऊन थांबायचा आणि न्यायाधीशांकडे बघायचा."

"वील्डिंग," पर्यायराव म्हणाले.

"तोच असेल. म्हणाला, हा शब्द आम्ही आणलेला नाही, आरोपीच्या आत्याच्याच तोंडचा आहे."

पर्यायरावांनी चष्मा पुसला. इतकी वर्षे त्यांचे गद्य वर जात होते, आणि विहिरीत टाकलेल्या खड्यासारखे आवाजही न करता बुडत होते. आज प्रथमच कोणी एका शब्दापाशी थांबले होते. शब्दाला वजन होतेच, असे ते म्हणाले. हेडक्लार्क खुर्चीला हात न लावताच निघून गेला.

घरी त्यांनी ही गोष्ट पत्नीला सांगितली. ती मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवत असे आणि नवऱ्याचे व्याकरण ऐकता ऐकता तिने आजवर बऱ्याच जणांच्या बाह्या शिवल्या होत्या. तिने हूं केले, दोरा दाताने तोडला, आणि रविवारी सुतार येणार आहे, स्वयंपाकघराचे दार पुन्हा अडकू लागले आहे, तेव्हा पुस्तके वाटेतून उचलून ठेवा, असे सांगितले.

रविवारी सुतार आला. दुसराच कोणी, गल्लीच्या टोकाचा. पर्यायराव बाहेरच्या खोलीत वाचत बसले होते. आतून ठक, ठक, मग खरवडल्यासारखा आवाज, पुन्हा ठक. शेजारणीने आपल्या खिडकीतून हाक मारली आणि हा आवाज कसला चाललाय म्हणून विचारले.

"काही नाही हो," पत्नी म्हणाली. "सुतार पटाशी चालवतोय."

पर्यायरावांच्या हातातले पान उलटायचे राहिले. वर्षानुवर्षांची खोड अशी की कानावर पडलेले वाक्य मनात आपोआप इंग्रजीत उतरे. हेही उतरले. आणि उतरल्यावर त्यांनी ते वाचले: सुतार पटाशी परजून उभा आहे. शेजारीण इंग्रज असती, आणि तिला हे असे सांगितले असते, तर तिने खिडकी बंद करून पोलिसांना बोलावले असते.

ते उठून आत गेले. दार आडवे घातले होते आणि सुतार त्यावर वाकला होता. पटाशी त्याच्या मुठीत नीट दिसतही नव्हती. तिचे पाते लाकडावर सरकत होते आणि त्याच्या पुढे एक पातळ, पिवळसर सालपट वळत चालले होते. पर्यायराव इतका वेळ पाहत राहिले की पत्नीने विचारले, चेहरा असा का झालाय.

त्यांनी सांगितले. सांगताना कोशही सांगितला.

"म्हणजे मारायला धावला होता, असं लिहिलंत?" पत्नी म्हणाली.

"तसं लिहिलेलं नाही. तसं वाचता येतं."

"वाचणारे कोण?"

सुताराचा हात थांबला होता. त्याने कोणाकडे पाहिले नाही. फक्त पटाशी, पाते भिंतीकडे करून, हलकेच खिडकीत ठेवली, आणि उरलेले काम रंधा आणि पॉलिशकागदाने पुरे केले. दार मग नीट लागू लागले. त्या घरात पुन्हा काही अडकले नाही. पण त्या दिवसापासून पर्यायरावांना ते दार लागताना होणारा बारीक आवाज फार मोठा वाटू लागला.

"एक ओळ लिहा," पत्नी म्हणाली. "चूक झाली, असं म्हणायचं होतं, संपलं. उसवायचं तर पहिल्या टाक्याला उसवावं, अहो. मागाहून उसवलं की कापड फाटतं."

"चूक नाहीये ती. तेच तर. कोशात—"

"कोशाला फाशी देत नाहीत," ती म्हणाली आणि केर काढू लागली.

सोमवारी त्यांनी हेडक्लार्कला विचारले. विचारले असे म्हणायचे. खरे तर दोन्ही बाजू मांडून झाल्यावर आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे त्यांना त्याच्याकडून ऐकायचे होते. हेडक्लार्क या वेळी मात्र खुर्ची ओढून बसला. दुरुस्ती पाठवता येते, तो म्हणाला. पण नीट विचार करा. शब्द चुकला असे एकदा स्वतःच्या सहीने म्हणालात, की तुरुंगातला प्रत्येक जण म्हणेल, माझेही बघा. आणि का म्हणू नये? 'चालवणे' काय सुतारच म्हणतात का? मागच्या खोलीतल्या दप्तरांत कोयता चालवणारे आहेत, सुरी चालवणारे आहेत, जीभ चालवणारे आहेत. ते सारे वर गेले ते तुमच्याच हातून.

"मी तुम्हाला भीती घालत नाही," हेडक्लार्क म्हणाला. "तुम्हाला विचारतोय. किती शब्द असतील?"

पर्यायरावांनी मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिले. छतापर्यंत रचलेले ते गठ्ठे आजवर त्यांना आपल्या गद्याचा संग्रह वाटत आले होते. आज प्रथमच ते त्यांना एखाद्या वस्तीसारखे दिसले. दारे लावून घेतलेली, आत माणसे असलेली. आणि कोणीतरी आतून ऐकत आहे असे त्यांना वाटले.

टंकलेखिका बाईंनी हे सगळे ऐकले होते. त्या खोलीत न ऐकायची सोयच नव्हती. हेडक्लार्क गेल्यावर त्या यंत्रावरची धूळ पुसत म्हणाल्या, "मी सांगू का? टंकनातली चूक म्हणा. बाईनं भलतंच छापलं म्हणा. माझ्या चुका होतच असतात, कुणाला नवल वाटायचं नाही."

"ज्या शब्दाला तुम्ही हरकत घेतलीत, तो तुमच्या माथी मारू?"

"मग आपल्या माथी घ्या. पण कुणाच्या तरी माथी जाऊ द्या, साहेब. आत्ता तो त्या सुताराच्या माथी आहे."

न्याय्य बोलणे होते, आणि पर्यायरावांनी ते न्याय्य असल्याचे मान्यही केले. परंतु, ते म्हणाले, आणि जे पुढे म्हणाले त्याचा गोषवारा असा की जो शब्द कोशानुसार अचूक आहे त्याला चूक म्हणणे हे असत्य आहे, आणि न्यायालयाला असत्य लिहून देणे हा गुन्हा आहे. खरा उपाय एकच: शब्द कसा योग्य आहे आणि तरीही त्याचा अर्थ कसा घ्यावा, हे वरच्यांना समजावून देणे. त्यांनी टिपण लिहायला घेतले. बरेच दिवस लिहिले. त्यात शब्दाची व्युत्पत्ती होती, त्याचे तीन अर्थ होते, आपल्याकडच्या चार क्रियापदांची तुलना होती, आणि शेवटून दुसऱ्या पानावर, एका फार सुंदर वाक्याच्या उत्तरार्धात, साक्षीदार स्त्रीच्या मनात बहुधा केवळ सुतारकाम असावे असेही होते. 'चूक' हा शब्द साऱ्या टिपणात कोठेही नव्हता. पत्नीने ते वाचून दाखवायला सांगितले. अर्ध्यावर आले तेव्हा ती शिवणयंत्राशी जाऊन बसली होती.

टिपण वर गेले, आणि वरून बोलावणे आले. वाचण्यापेक्षा भाषांतरकारालाच विचारू, असे न्यायाधीशांनी म्हटले होते.

वरचे न्यायालय दुसऱ्या शहरात होते. उंच छताची, थंड दगडाची खोली. माणूस बोलला की आवाज आधी वर जाई आणि मग कोणा परक्याचा असल्यासारखा खाली येई. मागच्या बाकावर आत्या आणि सुतार बसले होते. दोघांनाही इंग्रजीचे अक्षर कळत नव्हते. जे बोलतील त्यांच्या तोंडाकडे ते पाहत होते. सुताराने दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते, आणि त्या हातांचे आता काय करायचे हे ठाऊक नसल्यासारखे ते पडून होते.

न्यायाधीश वयस्क आणि सौम्य होते. त्यांनी विचारले, हा शब्द तुमचा? होय. मूळ बोलीत जो शब्द आहे त्याचा हा योग्य अनुवाद आहे का?

पर्यायराव या प्रश्नासाठी तयार होते. रात्रभर त्यांनी त्याचे उत्तर रचले होते, आणि ते रीतीप्रमाणे रचले होते: आधी प्रतिपक्षाला जे देता येईल ते सारे द्यावे, मग 'परंतु' म्हणावे. त्यांनी घसा साफ केला.

"शब्द निःसंशय अचूक आहे," ते म्हणाले, "परंतु—"

न्यायाधीशांनी हात किंचित वर केला. ते लिहीत होते. सरकारी वकील उठून उभा राहिला, एवढेच हवे होते असे म्हणाला, आणि बसला. खोलीत पेनाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पर्यायरावांचे वाक्य अर्ध्यावर तुटून हवेत लोंबत राहिले. त्याचा पूर्वार्ध कागदावर उतरला होता आणि उत्तरार्ध अजून त्यांच्या तोंडात होता.

लिहून झाल्यावर न्यायाधीशांनी वर पाहिले आणि सौजन्याने विचारले, आणखी काही सांगायचे आहे?

आता एकच शब्द पुरेसा होता, आणि तो साऱ्यांना ठाऊक असलेला, पोरासोरांच्या तोंडचा शब्द होता. पर्यायरावांना तो दिसलाही. परंतु त्याला ना पूर्वार्ध होता ना तोल. तो असा नुसता, उघडाबोडका, या खोलीत टाकायचा कसा? आणि टाकला की मागच्या खोलीतली ती सारी दारे एकदम उघडतील. त्यांचे ओठ हलले.

"बाकीचं टिपणात दिलेलं आहे," ते म्हणाले.

वाचू, असे न्यायाधीश म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर आत्याने त्यांना गाठले. सुतार चार पावले मागे होता. आत काय बोलणे झाले ते तिला कळले नव्हते, पण कचेरीतला माणूस आपण होऊन एवढ्या लांब आला आणि मोठ्या न्यायाधीशापुढे उभा राहिला, हे तिने पाहिले होते.

"आमच्यासाठी एवढ्या लांब आलात, साहेब," ती म्हणाली. "कोण येतं?"

पर्यायरावांनी गाडीची वेळ झाली असे सांगितले. वेळ झालेली नव्हती. स्थानकावर ते बराच वेळ बसले, आणि परतीच्या प्रवासात त्यांनी तेच वाक्य पुन्हा पुन्हा रचून पाहिले, 'परंतु'नंतरचा भाग आधी घालून. तसे केले की ते वाक्य वाईट होत होते. आणि तसे केले की माणूस सुटत होता.

निकाल आला तेव्हा उन्हाळा भरात होता. जन्मठेप. सुताराला न्यायालयातूनच नेले. निकालात टिपणाचा उल्लेख एका ओळीत होता. न्यायालयाने ते वाचले आणि ते विद्वत्तापूर्ण आहे असे नमूद केले. त्यानंतर, आरोपी हातातले हत्यार चालवत होता हे त्याच्याच आत्याच्या जबानीवरून सिद्ध होते, आणि भाषांतर निःसंशय अचूक असल्याचे भाषांतरकाराने स्वतः न्यायालयासमोर सांगितले आहे, असे लिहिले होते.

हेडक्लार्कने निकालाची प्रत आणून टेबलावर ठेवली आणि तो गेला. टंकलेखिका बाईंनी यंत्रावर झाकण घातले. दिवस अजून बराच उरला होता.

पुढच्या आठवड्यात आत्या आली. निकाल इंग्रजीत, तिला तो आपल्या भाषेत ऐकण्याचा हक्क होता, आणि तो ऐकवणे हे भाषांतर शाखेचे काम. पर्यायरावांनी तिला आत बोलावले, पण ती व्हरांड्यातल्या बाकावरच बसली. एकटीच होती. म्हणाली, येथे बरे आहे, वारा येतो. ते शेजारी बसले आणि वाचू लागले. साधेच वाचायचे त्यांनी ठरवले होते, आणि आश्चर्य असे की जमत होते. शब्द एकामागून एक येत होते, कुठे पुन्हा येत होते, आणि कोणाचेही काही अडत नव्हते.

त्या ओळीपाशी ते आले. थांबले. मग तीही वाचली.

"हे मी बोलले?" आत्याने विचारले.

"तुम्ही म्हणालात, तो पटाशी चालवत होता."

"हो. चौकट करत होता ना. मग काय करणार? पटाशीच चालवणार." ती समोर अंगणात पाहत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळत गेले. पाहणाऱ्याला ते थांबवावेसे वाटावे, पण थांबवता येऊ नये. "म्हणजे ते माझ्या बोलण्यावरनं झालं. मीच तसं बोलले. लोक म्हणत होते, गप्प राहा, काही बोलू नको. मी म्हटलं, खरं ते सांगते." तिने पदर तोंडाशी नेला. "माझ्याच तोंडानं घालवला मी त्याला."

पर्यायरावांच्या हातात कागद होता. येथे गप्प राहिले असते तरी कोणाला कळले नसते. कागद तिच्या बाजूने काही बोलत नव्हता, आणि तो वाचू शकणारे तेथे तेच एकटे होते. आत टंकलेखिका बाईंचे यंत्र थांबले होते.

"नाही, आत्या," ते म्हणाले. "तुम्ही बरोबर बोललात. चूक माझी. तुम्ही म्हणालात तो काम करत होता, आणि मी लिहिलं हत्यार उगारून उभा होता. शब्द माझा होता. चूक झाली."

तो शब्द उच्चारला गेला आणि काहीही उघडले नाही. मागच्या खोलीचे दार बंदच होते. अंगणात एक माणूस सायकल उभी करत होता.

आत्याने त्यांच्याकडे पाहिले. रागाने नाही, कोणी तरी दूरचा पत्ता सांगत असावा आणि आपण तो समजून घ्यावा, तशी ती पाहत होती. मग तिने बाकाच्या हातावर भार देऊन उठायला सुरुवात केली. तो हात जरासुद्धा हलला नाही. उठून झाल्यावर तिने तळहात तेथेच, खाचेत बसलेल्या त्या कपचीवर, क्षणभर ठेवला.

"हे तिथं बोलायचं होतं," ती म्हणाली.